सांगितले साडेबारा, कापले साडेचौदा

साताऱ्यातले एक शिक्षक आहेत असं समजू. उदाहरणापुरतेच, पण असे सर प्रत्येक तालुक्यात सापडतील. पाडव्याला गाडी घ्यायची ठरली. शोरूममधल्या मुलाने व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीवर लिहून दिलं: कर्ज ६ लाख, ५ वर्षं, ९ टक्के, हप्ता साधारण १२,५००. सरांनी सह्या केल्या, गाडीला हार घातला, स्टाफरूममध्ये पेढे वाटले. पुढच्या महिन्यात खात्यातून हप्ता गेला १४,५००. शोरूमला फोन केला, तर तो मुलगा नोकरी सोडून गेलेला. "सर, तुम्ही सह्या केल्यात ना?" एवढंच उत्तर मिळालं.

महिन्याला दोन हजार म्हणजे ओढाताण करून भागवता येणारी रक्कम, म्हणून बरेच जण गप्प बसतात. ६० हप्त्यांत तीच रक्कम सव्वा लाखाच्या घरात जाते.

आता याला फसवणूक म्हणायचं का? ते ठरवण्याआधी कागद-पेन घेऊन बसू, कारण इथे आवाज चढवण्यापेक्षा गुणाकार जास्त उपयोगी पडतो.

बँका सहसा घटत्या शिलकीवर व्याज लावतात. तुम्ही जसजसं मुद्दल फेडता, तसतसं उरलेल्या रकमेवरच व्याज. या पद्धतीने ६ लाख, ९ टक्के, ६० महिने असा हिशेब केला तर हप्ता येतो १२,४५५. म्हणजे कार्डावरचा आकडा खरा होता. पण तेच ९ टक्के 'फ्लॅट' धरले तर? ६ लाखांचे वर्षाला ५४ हजार, पाच वर्षांचे २ लाख ७० हजार, मुद्दल मिळवून ८ लाख ७० हजार, भागिले ६०. बरोबर १४,५००. फ्लॅट पद्धतीत पाचव्या वर्षीही तुम्ही पूर्ण ६ लाखांवर व्याज देत असता, जरी त्यातलं बहुतेक मुद्दल फेडून झालेलं असलं तरी. घटत्या शिलकीच्या भाषेत सांगायचं तर हा ९ टक्के नव्हे, जवळजवळ १५.७ टक्के दर झाला.

सरांना वाटेल, सापडलं उत्तर. पण थांबा. घटत्या शिलकीवरच, ९ टक्क्यांनीच १४,५०० हप्ता आणखी एका मार्गाने येतो: कर्ज ६ लाखांचं नसून सुमारे ६ लाख ९८ हजारांचं असेल तर. म्हणजे दर खरा, पण मुद्दलात कुणीतरी लाखभर रुपये गुपचूप चढवले. विमा, वाढीव वॉरंटी, ॲक्सेसरीज, कर्जाला जोडलेली आयुर्विमा पॉलिसी, किंवा सरांनी रोख दिलेलं डाउन पेमेंट हिशेबात धरलंच नाही. तिसरी शक्यता म्हणजे या दोन्हींची खिचडी. हप्ता तोच, पण पहिल्या प्रकारात प्रश्न दराच्या बाबतीत खोटं बोलण्याचा आहे आणि दुसऱ्यात पैसे कुणाच्या खात्यात गेले याचा. तक्रार कुणाविरुद्ध करायची तेही त्यावरच ठरतं. म्हणून नुसत्या हप्त्यावरून भांडायला जाऊ नये.

गाडीच्या कर्जात एक विचित्र गोष्ट असते, तिच्याकडे आपलं लक्षच जात नाही. कर्ज तुमच्या नावावर निघतं, पण पैसे तुमच्या हाताला लागत नाहीत. बँक किंवा फायनान्स कंपनी ते थेट डीलरच्या खात्यात टाकते. किती टाकले, कधी टाकले, हे तुम्ही मुद्दाम विचारल्याशिवाय कुणी सांगत नाही. घोळ घालायला जागा मिळते ती इथेच.

शिवाय तुमचे करार दोन असतात. एक डीलरशी, गाडी विकत घेण्याचा. दुसरा बँकेशी, पैसे फेडण्याचा. शोरूममधल्या 'फायनान्स डेस्क'वर बसलेला माणूस या दोन्हींच्या मधला. आपण त्याला 'बँकेचा माणूस' म्हणतो, पण तो बहुधा डीलरचा नोकर किंवा कर्ज मिळवून देणारा एजंट असतो, आणि कर्ज पास झालं की त्याला किंवा शोरूमला बँकेकडून मोबदला मिळतो. मोबदला घेणं हा गुन्हा नाही. पण तो सुचवतो ती बँक तुमच्यासाठी सगळ्यात स्वस्त असेलच असं नाही, एवढं ध्यानात ठेवलेलं बरं. ब्रिटनमध्ये तर काही वर्षांपूर्वीपर्यंत अशी सोय होती की डीलरने ग्राहकाला जितका चढा दर लावावा, तितकं त्याचं कमिशन वाढावं. तिथल्या वित्तीय नियामकाने २८ जानेवारी २०२१ पासून ती बंद केली. पुढे ऑगस्ट २०२५ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात, ग्राहकाच्या कर्जखर्चाच्या ५५ टक्के इतकं कमिशन त्याला न सांगता डीलरला गेल्यामुळे, ते नातं अन्याय्य ठरवलं. तेव्हा शोरूमचं कमिशन हा काही आपल्याकडचाच रोग नव्हे.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेची भूमिका सरळ आहे: बँकेने किंवा फायनान्स कंपनीने काम बाहेरच्या एजंटाकडे दिलं म्हणून तिची जबाबदारी संपत नाही. "ते डीलरने सांगितलं असेल, आमचा संबंध नाही" हे उत्तर आलं तर तिथेच खचून जाऊ नका.

बरं, कागद कोणता पाहायचा? सगळ्यात आधी 'की फॅक्ट स्टेटमेंट', म्हणजे केएफएस. १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या प्रत्येक किरकोळ, म्हणजे रिटेल कर्जाबरोबर हे देणं रिझर्व्ह बँकेने बंधनकारक केलं आहे, आणि वाहनकर्ज त्यात येतं. कर्जाची रक्कम, मुदत, हप्ता, शुल्कं आणि 'एपीआर', म्हणजे व्याजात बाकीचे खर्च मिळवून निघणारा वर्षाचा खरा दर, हे सगळं त्यात एकत्र असतं. बँकेने दुसऱ्यासाठी गोळा केलेले पैसे, जसा विम्याचा हप्ता, तेही एपीआरमध्ये धरावे लागतात. ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवं, म्हणजे मराठीत मागायला लाजू नका. त्यात जे शुल्क लिहिलेलं नाही, ते तुमच्या स्पष्ट संमतीशिवाय नंतर लावता येत नाही. आणि त्यातल्या अटी विचार करायला तुम्हाला किमान तीन कामाचे दिवस मिळायला हवेत. "आजच सही करा, उद्या स्कीम संपते" असं कुणी म्हणालं तर या तीन दिवसांची आठवण करून द्या.

सरांच्या केएफएसवर मुद्दल ६ लाख आणि एपीआर पावणेसोळाच्या आसपास दिसला, तर फ्लॅट दराचा खेळ. मुद्दलच सात लाखांच्या घरात दिसलं, तर चढवाचढवीचा. पाच मिनिटांत निकाल. केएफएस मिळालंच नसेल, तर तीच तुमच्या तक्रारीची पहिली ओळ.

त्यानंतर बँकेकडून लेखी मागायचे ते असे: मंजुरीपत्र, सही केलेल्या कर्जकराराची सगळ्या जोडपत्रांसह प्रत, परतफेडीचं वेळापत्रक, खात्याचा उतारा, आणि ज्याकडे बहुतेकांचं दुर्लक्ष होतं तो कागद, म्हणजे डीलरला किती पैसे, कोणत्या तारखेला, कोणत्या खात्यात दिले त्याचा तपशील. डीलरकडून आधीचं कोटेशन, अंतिम टॅक्स इन्व्हॉइस, तुम्ही दिलेल्या प्रत्येक रकमेची पावती, विमा पॉलिसी आणि आरटीओत भरलेल्या पैशांची सरकारी पावती. मग हे कागद शेजारी शेजारी ठेवून वाचायचे. खोट एकाच कागदात क्वचित दिसते. ती दोन कागदांच्या फटीत असते.

उदाहरणार्थ, कोटेशनवर चाळीस हजारांची सूट नव्हती, टॅक्स इन्व्हॉइसवर आहे, आणि बँकेने कर्ज मात्र कोटेशनच्या आकड्यावर दिलं. मग ते चाळीस हजार कुठे आहेत? किंवा मार्जिन मनीची पावती, म्हणजे तुम्ही स्वतःच्या खिशातून भरलेल्या रकमेची. डीलर कधीकधी बँकेला दाखवायला मोठ्या रकमेची पावती बनवतो, तर कधी तुम्ही दिलेल्या रोख रकमेची पावतीच देत नाही. इथे एक कडू गोष्ट सांगितली पाहिजे. जास्त कर्ज मिळावं म्हणून किंमत फुगवून दाखवायला तुम्हीच मान डोलावली असेल, तर त्या मुद्द्यावर तुमची बाजू लंगडी होते. वकिलापासून किंवा ग्राहक आयोगापासून ते लपवू नका. समोरचा ते काढणारच.

'आरटीओ चार्जेस' नावाच्या एकरकमी आकड्यात बरंच काही दडतं. महाराष्ट्रात व्यक्तीच्या नावावर घेतलेल्या, १० लाखांपर्यंतच्या पेट्रोल गाडीला किमतीच्या ११ टक्के एकरकमी कर आहे. नोंदणीचं शुल्क ६०० रुपये आणि कर्जाचा बोजा, म्हणजे हायपोथिकेशन, चढवण्याचं १,५००. यापलीकडचे पाच-सात हजार 'हँडलिंग' म्हणून लावले असतील, तर सरकारी पावती मागा आणि फरकाचं कारण लेखी विचारा. गाडी १० लाखांच्या वर असेल तर डीलर १ टक्का टीसीएस घेतो. तो वैध आहे, पण तो खर्च नव्हे, तुमचाच आगाऊ भरलेला आयकर आहे आणि विवरणपत्रात वळता करून घेता येतो. तो तुमच्या पॅनवर दिसत नसेल, तर डीलरने घेतला पण सरकारला भरला नाही असा अर्थ निघू शकतो.

विमा शोरूममधूनच घ्यायची सक्ती नाही. नव्या गाडीला तीन वर्षांचा थर्ड पार्टी विमा १ सप्टेंबर २०१८ पासून आवश्यक आहे, पण कंपनी तुम्ही निवडायची. आणि कर्जात गुपचूप आयुर्विमा पॉलिसी घुसवलेली आढळली, तर ती पॉलिसी हाती आल्यापासून ३० दिवसांच्या आत परत करता येते. हे तीस दिवस फार मोलाचे. तक्रारींच्या चक्रात ते निघून जातात, म्हणून हे काम पहिल्याच आठवड्यात करून टाका.

आता सहीबद्दल. पूर्वी कोऱ्या फॉर्मवर दहा-बारा सह्या घेत, आता त्याहून सोपं झालंय. "सर, एक ओटीपी आला असेल बघा." तुम्ही गाडीचा रंग बघताय, फोन त्याच्या हातात, त्याने आकडे टाकले. आधारच्या ओटीपीने केलेली ई-सही कायद्याने सहीच असते. कराराची चाळीस पानं त्या सहा आकड्यांनी मान्य होतात. मेसेजमध्ये ओटीपी कशासाठी आहे ते लिहिलेलं असतं, फक्त आपण ते वाचत नाही. संशय आला की फोनमधले ते मेसेज खोडू नका. सेल्समनशी झालेलं व्हॉट्सॲपवरचं बोलणं एक्स्पोर्ट करून मेलवर ठेवा, व्हिजिटिंग कार्डाच्या पाठीचा फोटो काढा. आणि तोंडी झालेली गोष्ट लगेच मेलने पक्की करा: "आज आपण फोनवर सांगितलंत की..." उत्तर आलं नाही तरी तो मेल पुरावा आहे.

इथे लोक एक चूक करतात, ती मला सगळ्यात महागाची वाटते. रागाच्या भरात हप्ता बंद करतात. डीलरने फसवलं हे खरं असलं, तरी बँकेच्या हिशेबात तुम्ही थकबाकीदार होता. पैसे नसल्यामुळे ऑटो-डेबिट परत गेलं तर २००७ च्या पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायद्याच्या कलम २५ खाली तो गुन्हा ठरू शकतो, अगदी चेक बाउन्ससारखा, दोन वर्षांपर्यंतच्या कैदेची तरतूद असलेला. वर दंड, वर सिबिल खराब. आणि गाडी उचलून न्यायला माणसं आली की मूळ भांडण बाजूलाच राहतं. गुंड पाठवून गाडी ओढून नेता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्येच बजावलं आहे. पण दारात उभ्या राहिलेल्या चार जणांना निकाल वाचून दाखवायची वेळ का आणायची? हप्ता भरा आणि त्याच दिवशी मेल करा:

"महोदय, माझ्या कर्जखात्यातील मुद्दल व व्याजदराबाबत मी दिनांक अमुक रोजी लेखी तक्रार केली आहे. तिचा निर्णय प्रलंबित आहे. माझे हक्क राखून व हरकत नोंदवून मी हा हप्ता भरत आहे. यास कराराच्या अटींना दिलेली संमती समजू नये."

मूळ तक्रारही अशीच आटोपशीर लिहा. काय सांगितलं होतं, काय निघालं, फरक किती, काय हवं. चार परिच्छेद पुरे. ती बँकेच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला पाठवा, प्रत डीलरला आणि गाडी बनवणाऱ्या कंपनीच्या ग्राहक विभागाला. कंपनीचा कर्जकराराशी संबंध नसतो, पण डीलरशिप तिच्या मर्जीवर चालते, आणि वरून फोन आला की शोरूमचा सूर बदलतो. तक्रारीत आणखी एक गोष्ट तपासून घाला: व्याज कोणत्या तारखेपासून लावलं? मंजुरीच्या तारखेपासून, की पैसे खरोखर दिल्याच्या? रिझर्व्ह बँकेने २९ एप्रिल २०२४ च्या परिपत्रकात नेमक्या याच खोडीवर बोट ठेवलं. चेक लिहिला एका तारखेला, हातात दिला कित्येक दिवसांनी, व्याज मात्र पहिल्या तारखेपासून. किंवा एक-दोन हप्ते आगाऊ घ्यायचे आणि व्याज पूर्ण रकमेवर लावायचं. असं जादा घेतलेलं व्याज परत करायला सांगितलं आहे.

बँकेला ३० दिवस द्या. उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे ऑनलाइन तक्रार करता येते. पैसे लागत नाहीत, माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. तिथे वकिलामार्फत तक्रार चालत नाही, स्वतः करायची किंवा वकील नसलेल्या प्रतिनिधीमार्फत. एक मेख लक्षात घ्या. तोच विषय आधीच ग्राहक आयोगात किंवा कोर्टात चालू असेल तर लोकपाल तो हाताळत नाही. पोलिसात तक्रार असली तर मात्र अडचण नाही. म्हणून बँकेच्या चुकीसाठी आधी लोकपाल, मग आयोग, हा क्रम शहाणपणाचा.

डीलर मात्र रिझर्व्ह बँकेच्या हाताखाली येत नाही. त्याच्यासाठी जिल्हा ग्राहक आयोग. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करून पाहा, काही प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटलं तर तुम्ही राहता त्या जिल्ह्यातच दावा लावता येतो, शोरूम पुण्याचं असलं तरी. ५० लाखांपर्यंतचा मोबदला दिलेली प्रकरणं जिल्हा आयोगाकडे येतात, घटना घडल्यापासून दोन वर्षांची मुदत असते, आणि शुल्क किरकोळ: ५ ते १० लाखांच्या व्यवहाराला २०० रुपये. डीलर आणि बँक दोघांनाही विरुद्ध पक्ष करा. नाहीतर जो हजर नाही त्याच्याकडे बोट दाखवून दुसरा मोकळा होतो.

पोलिसांकडे कधी जायचं? सही बनावट असेल, पैसे घेऊन पावतीच नाही, तुमच्या कागदांवर दुसऱ्याच गाडीचं कर्ज काढलं असेल, तर. फसवणुकीसाठी भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ आहे, बनावट कागदासाठी ३३६. ठाण्यात "हे सिव्हिल मॅटर आहे" असं ऐकायला मिळेल. नुसत्या चढ्या दराच्या तक्रारीत ते बरोबरही असेल. पण खोटी सही हे सिव्हिल मॅटर नव्हे. लेखी अर्ज द्या, पोच घ्या. नोंद केली नाही तर पोलीस अधीक्षकांकडे आणि त्यापुढे दंडाधिकाऱ्यांकडे जाता येतं.

तुम्ही कधी न घेतलेलं कर्ज आपल्या नावावर आहे का, हे क्रेडिट रिपोर्टवर कळतं. सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांकडून वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट मिळतो. चूक दिसली तर दुरुस्तीची तक्रार टाका. ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद आहे.

यापेक्षा वाईट प्रसंग म्हणजे कर्ज वाटलं गेलं, हप्ते सुरू झाले आणि गाडी आलीच नाही. डीलर 'पुढच्या आठवड्यात' म्हणत राहतो. इथे तीस दिवसही थांबू नका. त्याच दिवशी बँकेला कळवा की गाडी मिळालेली नाही, पैसे डीलरकडून परत मागवा. गाडीची नोंदणी झाली आहे का, बोजा चढला आहे का, हे सरकारच्या 'वाहन' पोर्टलवर पाहा. ज्या गाडीच्या तारणावर कर्ज दिलं ती अस्तित्वातच नसेल, तर बँकेलाही घाम फुटतो, आणि तो फुटायलाच हवा. तारण न पाहता पैसे तिने दिलेले असतात.

बरीचशी प्रकरणं मात्र आयोगापर्यंत जात नाहीत. दुसरी-तिसरी नोटीस गेली की शोरूमच्या मॅनेजरचा गोड फोन येतो. "सर, आपण बसून मिटवू." जरूर बसा, चहा प्या. पण रोख रक्कम हातात घेऊन तक्रार मागे घेतली, तर चढवलेलं मुद्दल आणि त्यावरचं व्याज बँकेच्या वहीत तसंच चालू राहतं. म्हणून जादा रक्कम थेट कर्जखात्यात मुद्दलापोटी जमा करायला लावा, आणि त्या अंशतः परतफेडीचं शुल्क कोण भरणार तेही लिहून घ्या, कारण ठरावीक दराच्या वाहनकर्जावर बँका ते लावतात. 'फुल अँड फायनल' असं लिहिलेल्या कागदावर सही करण्याआधी बँकेकडून नवं वेळापत्रक मागवा. त्यावर १२,४५५ दिसलं की मग तक्रार मागे घेण्याचं पत्र लिहायला बसा.